खालांचा लॅपटॉप

मुलांनो, घरात एखादी नवी वस्तू आणायची असली, की हल्ली मोठी माणसे तुम्हालाच हाक मारतात. "बेटा, जरा बघ, मोबाइल कोणता घ्यावा?" असे आजी विचारते, मामू विचारतात. तुम्हीही लगेच एखादे नाव सांगून मोकळे होता. आपले मत कोणी विचारले, की मनाला बरे वाटते. पण आपल्या एका शब्दावर कोणीतरी आपली जमवलेली रक्कम खर्च करणार आहे, हे त्या वेळी आपल्या ध्यानात येते का? मला वाटते, येत नाही. माझ्याही आले नव्हते. म्हणूनच ही हकीगत तुम्हांला सांगते.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी माझ्या खाला आमच्याकडे तळ्याला आल्या. त्या आमच्याच तालुक्यात, खाडीकडच्या गावात राहतात. वय साठीच्या पुढे. खालूंना जाऊन आठ वर्षे झाली. मुलगा कुवेतला नोकरीला आहे. खाला घरी शिवणकाम करतात. चहा झाल्यावर त्यांनी कापडी बटवा उघडला आणि माझ्यापुढे तीस हजार रुपये ठेवले. मुलाने पाठवलेल्या पैशांतून आणि शिवणाच्या कमाईतून त्यांनी ते काटकसरीने साठवले होते.

"मला एक लॅपटॉप घ्यायचा आहे," त्या म्हणाल्या. "महाग नको. पण फसवणूक व्हायला नको. तू शिकलेली आहेस, तूच बघ."

घरात लगेच चर्चा सुरू झाली. माझा भाऊ म्हणाला, "खालांना लॅपटॉप कशाला? मोबाइल पुरे आहे." कॉलेजात जाणारा मामेभाऊ म्हणाला, "घ्यायचाच तर चांगला दणकट घ्या, मोठे गेम चालतील असा. पुढे नातवंडांना उपयोगी पडेल." शेजारच्या चाची म्हणाल्या, "त्यांना काय मोठे काम करायचे आहे? दुकानात जो सर्वांत स्वस्त असेल तो उचला."

हे तिसरे मत ऐकून मी गप्प झाले. कारण २०१९ साली मी नेमके हेच केले होते. माझ्या मामेबहिणीसाठी लॅपटॉप घ्यायचा होता. मी दुकानात गेले, किमतीच्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि सर्वांत कमी किमतीचा लॅपटॉप घेऊन आले. दिसायला सुरेख, वजनाला हलका. माहिती साठवण्याची जागा मात्र त्यात अवघी ३२ जी.बी. होती. त्यांतली बरीचशी जागा विंडोजनेच अडवली होती. काही महिन्यांतच विंडोजची नवी सुधारणा उतरवायला जागा उरली नाही. यंत्र गोगलगाईसारखे चालू लागले. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी ते अर्ध्यावर अडकले आणि बिचारीला पावसात सायबर कॅफे गाठावा लागला. अर्ज भरला गेला, पण मामूंचे पैसे वाया गेले. दुकानदाराने जागेची गोष्ट सांगितली नाही हे खरे, पण मीही ती विचारली नव्हती. मामू मला एक शब्दही बोलले नाहीत. त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

म्हणून या वेळी मी आधी वही घेतली आणि खालांजवळ बसले. "खाला, तुम्हांला लॅपटॉपवर नेमके काय करायचे आहे?"

प्रथम त्या म्हणाल्या, "मुलाशी बोलायचे, त्याला मोठ्या पडद्यावर पाहायचे." मी लिहून घेतले. "बचत गटाचा हिशेब ठेवायचा." तेही लिहिले. मग थोडे थांबून, काहीशा संकोचाने त्या म्हणाल्या, "आणि गाणी लिहायची आहेत."

"कसली गाणी?"

"लग्नातली. आपली कोकणी बोलीतली. हळदीची, मेंदीची, नवरी निघतानाची. माझ्या मैत्रिणीला पुष्कळ येत होती. ती गेल्या वर्षी अल्लाला प्यारी झाली. तिच्याबरोबर तिची गाणीही गेली. मला जी येतात ती तरी राहावीत."

त्या उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकल्या आहेत. मराठीही त्यांना चांगली वाचता येते. गाणी उर्दू लिपीत लिहिली, तर त्यांच्या बहिणी वाचतील. देवनागरीत लिहिली, तर मराठी आणि इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नाती वाचतील. म्हणून त्यांना दोन्ही लिप्यांत लिहायचे होते.

आता सांगा, माझ्या भावाचे मत इथे टिकते का? मुलाशी बोलायला मोबाइल पुरेसा आहे, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण पाने भरून लिहायचे असेल, तर साठीतल्या बोटांना आणि डोळ्यांना कळफलक आणि मोठा पडदाच हवा. खालांची खरी गरज विचारल्यावाचून आम्हांला कळलीच नसती. आम्ही सारे त्यांच्या वतीने बोलत होतो. त्यांना मात्र कोणी विचारलेच नव्हते.

गरज आधी पाहायची, हा धडा मोठमोठ्या तज्ज्ञांच्या कामातूनही शिकता येतो. त्याचे एक उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यात घडले. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेचे प्राध्यापक निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ साली एक कल्पना मांडली. गरीब देशांतील प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप द्यायचा, ही ती कल्पना. त्यातून एक्सओ नावाचा हिरव्या-पांढऱ्या रंगाचा लॅपटॉप तयार झाला. भारतातील त्याचा पहिला प्रयोग २००७ साली कर्जत तालुक्यातील खैरात या लहानशा वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत झाला.

हा लॅपटॉप बनवणाऱ्यांनी एक गोष्ट फार चांगली केली. तो कोण वापरणार आणि कुठे वापरणार, याचा त्यांनी आधी विचार केला. खेड्यातली मुले उघड्यावर बसतील, म्हणून भर उन्हातही वाचता येईल असा पडदा बसवला. धूळ आणि पाणी आत जाऊ नये म्हणून कळफलक रबराचा, सलग केला. वीज कमी असेल, म्हणून तो अगदी थोड्या विजेवर चालेल असा केला. त्याची रॅम केवळ २५६ एम.बी. होती. आज हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण मुलांच्या चित्रांना आणि लिखाणाला तेवढी चालत असे.

मात्र शंभर डॉलरचे स्वप्न पुरे झाले नाही. प्रत्यक्षात एका लॅपटॉपची किंमत दोनशे डॉलरच्या जवळ गेली. शिवाय शिक्षकांची तयारी, दुरुस्ती आणि वीज यांचा खर्च वेगळाच. यातून मला दोन गोष्टी समजल्या. पहिली, वस्तू वापरणाऱ्याच्या गरजेतून निवडावी. दुसरी, चिठ्ठीवरची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. ही दोन सूत्रे घेऊन मी खालांच्या कामाला लागले.

लॅपटॉपच्या जाहिरातीत आकड्यांची गर्दी असते. ती पाहून घाबरू नका. स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी व्यक्ती. तिचा हात जितका चलाख, तितके काम लवकर. रॅम म्हणजे ओटा. ओटा लहान असला, की एका वेळी दोनच भांडी मावतात. तिसरे ठेवायचे तर एक उचलावे लागते. साठवण म्हणजे कोठीची खोली. तिथे सामान कायम राहते. ही कोठी दोन प्रकारची असते. जुन्या प्रकारच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, म्हणून ती सावकाश चालते आणि धक्क्याने बिघडू शकते. एस.एस.डी.मध्ये फिरणारा भागच नसतो, म्हणून ती वेगवान असते. दुकानदार "एक हजार जी.बी.ची हार्ड डिस्क" असे मोठ्या आवाजात सांगतो. पण साध्या कामाला २५६ जी.बी.ची एस.एस.डी. केव्हाही बरी.

खालांच्या यादीवरून मी हिशेब मांडला. व्हिडिओवर बोलणे, हिशेबाचा तक्ता आणि लेखन. यासाठी मध्यम प्रोसेसर, ८ जी.बी. रॅम आणि २५६ जी.बी.ची एस.एस.डी. पुरते. गेमसाठी लागणारे वेगळे महाग ग्राफिक्स कार्ड त्यांना मुळीच नको. म्हणजे मामेभावाचे मतही बाजूला पडले. जे कधी वापरायचे नाही, त्याचे पैसे देणे ही चैन झाली, काटकसर नव्हे.

आता माझ्यासमोर तीन मार्ग होते.

पहिला मार्ग अगदी कमी किमतीच्या नव्या लॅपटॉपचा. २०२३ साली जिओबुक नावाचा लॅपटॉप १६,४९९ रुपयांना बाजारात आला होता. वजन एक किलोपेक्षाही कमी, ४ जी.बी. रॅम आणि ६४ जी.बी. साठवण. अशी यंत्रे मोबाइलसारख्या प्रणालीवर चालतात. वर्ग पाहणे, वाचणे, थोडे लिहिणे यांसाठी ती ठीक असतात. पण विंडोजसाठी बनवलेले कार्यक्रम त्यांच्यावर चालत नाहीत. उर्दू छपाईची पुष्कळ कामे इनपेज या विंडोजवरच्या कार्यक्रमात होतात. उद्या खालांच्या गाण्यांची पुस्तिका छापायची झाली, तर इथे अडचण आली असती.

दुसरा मार्ग नव्या, नेहमीच्या लॅपटॉपचा. त्यात आम्हांला हवे ते सारे मिळत होते, पण तीस हजारांत नव्हे. खालांनी आणखी पैसे उसने घ्यावेत, असे मला वाटेना.

तिसरा मार्ग वापरलेल्या लॅपटॉपचा. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी शेकड्यांनी मजबूत लॅपटॉप घेतात आणि काही वर्षांनी बदलतात. ते तपासून, दुरुस्त करून पुन्हा विकले जातात. दुकानदार त्यांना 'रिफर्बिश्ड' म्हणतात. घरच्यांनी नाके मुरडली. "जुने कशाला?" पण माझे मत असे, की नव्या कमकुवत वस्तूपेक्षा जुनी मजबूत वस्तू बरी. मात्र जुनी वस्तू डोळे उघडे ठेवून घ्यावी लागते.

आम्ही पनवेलला गेलो. खालांना मी मुद्दाम बरोबर नेले. ज्याला वापरायचे आहे, त्याची बोटे कळांवरून फिरली पाहिजेत. पहिल्या दुकानात आम्हांला एक चकचकीत लॅपटॉप फारच स्वस्त सांगितला. मी प्रोसेसरचा क्रमांक पाहिला. तो इंटेलच्या सहाव्या पिढीचा होता. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची पिढी क्रमांकावरून ओळखता येते. ८२५० म्हणजे आठवी पिढी, १०२१० म्हणजे दहावी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्याहून जुने यंत्र चालते, पण नव्या प्रणालीसाठी ते अधिकृतपणे पात्र नसते आणि जुनी प्रणाली दिवसेंदिवस असुरक्षित होते. ज्यावरून मुलाशी बोलायचे, बँकेचे काम करायचे, ते यंत्र असुरक्षित असून चालेल का? तो लॅपटॉप स्वस्त नव्हताच. तो फक्त कमी किमतीचा होता.

दुसऱ्या दुकानात आठव्या पिढीचा एक लॅपटॉप मिळाला. ८ जी.बी. रॅम, २५६ जी.बी. एस.एस.डी., चौदा इंचांचा पडदा. रंग काळा, कोपरे थोडे झिजलेले. मी सर्व कळा एकेक करून दाबून पाहिल्या. कॅमेरा आणि आवाज तपासला. चार्जर काढून अर्धा तास बॅटरीवर चालवला. बिजागरी सैल नाही ना, ते पाहिले. विंडोजचा परवाना खरा आहे का, ते सेटिंगमध्ये जाऊन पाहिले. चोरून घातलेली प्रणाली फुकट वाटते. पण ती बेकायदा असते आणि तिच्यातून घातक कार्यक्रमही शिरू शकतात. लेखनासाठी आणि हिशेबासाठी लिब्रे ऑफिस हा कार्यक्रम मोफत आणि कायदेशीर मिळतो, मग चोरी कशाला? शेवटी पक्के बिल आणि एक वर्षाची लेखी हमी घेतली. आमच्या तळ्यात मोठ्या कंपन्यांची सेवा केंद्रे नाहीत. बिघाड झाला, तर पनवेलपर्यंतचा फेरा पडणार. म्हणून तोंडी शब्दांवर मी विसंबले नाही.

लॅपटॉप एकवीस हजार पाचशे रुपयांना पडला. विजेच्या चढउतारापासून जपणारा बोर्ड, माउस आणि पेन ड्राइव्ह यांचे दीड हजार झाले. उरलेले सात हजार रुपये मी खालांच्या बटव्यात परत घातले. त्या रकमेकडे पाहत राहिल्या. "सगळे खर्च होतील असेच मी धरून चालले होते," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर विंडोजमध्येच असलेले उर्दू आणि मराठी कळफलक मी सुरू करून दिले. उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे. युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीमुळे दोन्ही लिप्या आता एकाच पानावर सुखाने नांदतात. उर्दू अक्षरे नस्तालिक वळणात उमटली, तेव्हा खाला पडद्याकडे टक लावून पाहू लागल्या.

आपल्या कोकणातल्या हवेचीही आठवण ठेवावी लागते. पावसाळ्यात दमटपणा यंत्रांना बाधतो. म्हणून लॅपटॉप आठ-आठ दिवस बंद ठेवू नये, कोरड्या जागी ठेवावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात होती. वीज जाणार हे धरूनच चालावे. दर शुक्रवारी सर्व लिखाणाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची, असा मी खालांना नेम घालून दिला आहे. यंत्र पुन्हा विकत मिळेल, गाणी मिळणार नाहीत.

काही जण म्हणतील, एका लॅपटॉपसाठी एवढा खटाटोप कशाला? मला वाटते, प्रश्न लॅपटॉपचा नाहीच. तो विश्वासाचा आहे. कोणी आपल्याला सल्ला विचारतो, तेव्हा तो आपली अमानत आपल्या हाती सोपवतो. आपल्या आवडीची वस्तू त्याच्या गळ्यात मारणे ही त्या अमानतीत केलेली खयानतच होय. "तुम्हांला काय कळते?" असे म्हणून सर्वांत हलकी वस्तू त्याच्या पदरी टाकणे, हीदेखील खयानतच. साध्या गरजा असणारा माणूस साधा असेल, पण त्याची गरज क्षुल्लक नसते.

उद्या तुमची दादी किंवा मामू तुम्हांला काही विचारतील, तेव्हा मोबाइल काढून किमती दाखवण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा. "तुम्हांला त्यावर काय करायचे आहे?" आणि उत्तर पुरे होईपर्यंत थांबा. खालांनी गाण्यांची गोष्ट सर्वांत शेवटी सांगितली होती, हे विसरू नका.

आजवर खालांची तेवीस गाणी लिहून झाली आहेत. एक बोट वापरून, हळूहळू. प्रत्येक गाण्याखाली त्या ते गाणे कोणाकडून शिकल्या, तिचे नाव लिहितात. पहिल्या नऊ गाण्यांखाली त्यांच्या त्याच मैत्रिणीचे नाव आहे.

शब्दार्थ

काटकसर – किफायत
गरज – जरूरत
कळफलक – लिहिण्याच्या कळांचा पाट, कीबोर्ड
कोठी – सामान साठवण्याची खोली
परवाना – इजाजतनामा
हमी – जमानत, खात्री
विसंबणे – भरवसा ठेवून राहणे
खटाटोप – धडपड
क्षुल्लक – मामुली

स्वाध्याय

१. खालांना लॅपटॉप कोणत्या तीन कामांसाठी हवा होता?
२. 'तो लॅपटॉप स्वस्त नव्हताच. तो फक्त कमी किमतीचा होता.' या वाक्यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
३. खैरात येथील लॅपटॉपच्या उदाहरणातून लेखिकेला कोणत्या दोन गोष्टी समजल्या?
४. भाऊ, मामेभाऊ आणि चाची यांच्यापैकी कोणाचे मत तुम्हांला काही अंशी पटते? कारण लिहा.
५. घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीला त्यांना येत असलेले जुने गाणे किंवा गोष्ट विचारा. ती कोणाकडून शिकली, तेही लिहून आणा.